चूल मांडणारे पागी सर

पागी सर आमच्याकडे रुजू झाले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी लॅबमधले अकराच्या अकरा काँप्युटर पुसून टाकले.

पुसून म्हणजे फडक्याने नव्हे. आतलं सगळं. जव्हारच्या आमच्या तंत्रशाळेत लॅब मी सांभाळते, आणि त्या काँप्युटरांत नव्या तुकडीला लागेल ते सगळं घालायला मी तीन आठवडे खपले होते. साखरशेतहून सकाळच्या एसटीने यायचं आणि नेट येईल तेवढ्या वेळात एकेक फाईल उतरवायची, असं चाललं होतं. त्या दिवशी डबा खाऊन परत येते तो काय, अकरा पडदे कोरे! आणि मधोमध पांढऱ्या शर्टातला एक बारकासा माणूस निवांत उभा.

"सर, हे काय केलंत तुम्ही?"

"जागा सारवून घेतली, मॅडम," ते म्हणाले. "दुसऱ्याने मांडलेल्या चुलीवर पोरं शिकत नाहीत. उद्या ज्याची त्याने मांडायची."

मी तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, नवे आहेत, जरा बघू. बघता बघता नऊ वर्षं गेली. दर जूनला सर काँप्युटर पुसायचे.

त्यांचा विषय मोठा गमतीचा होता. मायक्रोकंट्रोलर नावाची नखाएवढी चिप असते, वॉशिंग मशीनपासून वीजमीटरपर्यंत सगळ्यांच्या पोटात बसलेली. तिला काडेपेटीएवढा रंगीत पडदा जोडायचा आणि त्यावर चित्रं उमटवायची, हे सर शिकवत. प्रोग्रॅम लिहायचा काँप्युटरवर, चालवायचा चिपवर. त्यासाठी काँप्युटरवर जी सगळी तयारी करावी लागते तिला पुस्तकात लांबलचक नाव आहे. सर तिला चूल म्हणायचे. चुलीचे दगड तीन. एक कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत करून देणारा. दुसरी चित्रांची लायब्ररी, रेघ कशी मारायची आणि रंग कसा भरायचा हे तिच्यात आधीच लिहिलेलं असतं. तिसरा सिम्युलेटर, म्हणजे खरा पडदा जोडण्याआधी काँप्युटरवरच दिसणारा लुटुपुटूचा पडदा.

"तिन्ही दगड एका उंचीचे पाहिजेत," सर सांगायचे. "दोन जुने आणि एक नवा घेतला, की टोप कलंडलाच म्हणून समजा."

म्हणून प्रत्येक दगडाची आवृत्ती कितवी, ते वहीत लिहायचं आणि वर्षभर तिला हात लावायचा नाही. काँप्युटर मधूनमधून स्वतःच विचारतो, नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का? सरांचं त्यावर ठरलेलं उत्तर असे. "त्याला विचारायची खोड आहे. आपण नाही म्हणायची सवय ठेवायची." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की माझ्या घरच्यांनाही ते पाठ झालं होतं.

एका वर्षी चुलीचा मोठा दगड, म्हणजे कंपायलर, काही केल्या उतरेना. शाळेतलं नेट अर्ध्यावर मान टाकायचं. सर लॅपटॉप घेऊन शिरपामाळला गेले, कारण वर उघड्यावर रेंज बरी मिळते. मी आणि चार मुली मागोमाग. तिथे मुंबईकडून आलेल्या पाहुण्यांची ही गर्दी, फोटो चाललेले, आणि त्यांच्या मधोमध दगडावर फतकल मारून आमचे सर लॅपटॉपच्या पडद्यावर छत्री धरून बसलेले. एका बाईंनी त्यांच्या हातात फोन दिला, "भैया, एक फोटो निकालोगे?" सरांनी फोटो काढला. एक नाही, सहा काढले. मग अत्यंत नम्रपणे म्हणाले, "ताई, हॉटस्पॉट देता क्या? मेरा त्र्याण्णव टक्क्याला अटक्या है." त्यांची हिंदी ऐकून मुली हसून हसून बेजार झाल्या. बाईंनी मात्र तासभर हॉटस्पॉट दिला आणि जाताना विचारलं, सिनेमा उतरवताय का? सर म्हणाले, "नाही हो, चूल."

सर मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. घरी आई, जिला ते आये म्हणत, आणि दोन भातखाचरं. लग्न केलेलं नव्हतं. शर्ट कायम पांढरा. शिकवताना त्यांचा कटाक्ष एकाच गोष्टीवर असे: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा. रेझिस्टरवर रंगीत पट्टे असतात, त्यांच्यावरून त्याचा आकडा कळतो, सगळं जग तसंच वाचतं. सरांच्या वर्गात ते चालत नसे. प्रत्येक रेझिस्टर मल्टीमीटरला लावून मोजायचा. वायरींचंही तेच. लाल आणि काळी वायर असली तरी प्लसच्या टोकाला दोऱ्याची एक गाठ, मायनसच्या टोकाला दोन. "रंग उडतो, गाठ राहते," असं सांगत. त्यांच्या काँप्युटरवर प्रोग्रॅमच्या ओळी नुसत्या पांढऱ्यावर काळ्या दिसायच्या, इतरांसारख्या रंगीबेरंगी नाही. मला वाटे, काय शिस्त आहे माणसाची! आमच्याकडे पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या तज्ज्ञाने तर त्यांच्या गाठींचा फोटो काढून नेला.

एकदाच सरांनी भलतंच केलं होतं. हजेरीपटावर महिनाभर हिरव्या शाईने सही केली. कचेरीत ज्याने आयुष्य काढलंय त्याला सांगायला नको, हिरवी शाई साहेबाची. प्राचार्यांचा पारा चढला. "पागी, माझ्या खुर्चीत बसायची घाई झाली का?" असं सगळ्यांसमोर विचारलं. सर लाल की पांढरे काहीतरी झाले आणि म्हणाले, "हाताला आलं ते पेन घेतलं, सर." महिनाभर? मला ते उत्तर पटलं नव्हतं. मनात आलं, गरीब गाईसारखा दिसणारा हा माणूस आतून बराच तोऱ्याचा आहे. असं मी चक्क स्टाफरूममध्ये बोललेही.

सरांची नेमणूक कायम नव्हती. दर जूनला काँप्युटर पुसण्याआधी त्यांना नवं पत्र मिळायचं, एका वर्षाचं. नवव्या वर्षी संस्थेच्या सचिवांनी मनावर घेतलं. सरांच्या पाड्याजवळ ओढ्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल, आहे. पावसाळ्यात पाणी फरशीवरून जातं, आणि पलीकडच्या शाळेत जाणारी मुलं, बाजाराला निघालेल्या बाया घरून निघून अर्धा कोस चालत येतात तेव्हा कुठे त्यांना ते कळतं. मग कोणी मागे फिरतं, कोणी रेटून पाय घालतं. सरांनी ठरवलं होतं की फरशीच्या खांबाला पाणी मोजणारा सेन्सर बसवायचा आणि पाड्यावरच्या अंगणवाडीच्या ओट्यावर पाटीएवढा पडदा, म्हणजे निघायच्या आधीच कळेल. सचिव म्हणाले, हे काम नीट चाललं की पागींना कायम करू. सगळ्या गावासमोर पडदा सुरू करायचा आणि तिथेच पत्र द्यायचं, असं ठरलं. सर त्या दिवशी पहिल्यांदाच कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजून आले.

पडद्यावर अक्षर एकही नको, हा सरांचा हट्ट. "माझ्या आयेला वाचता येत नाही. तिला कळलं तर सगळ्यांना कळलं." गणिताच्या चौकटीच्या वहीत एकेक चौकट काळी करून त्यांनी माणूस काढला. पाणी घोट्याला, पाणी गुडघ्याला, पाणी छातीला. मग खरा पडदा घेऊन आम्ही पाड्यावर गेलो. आयेने तो हातात धरला, लांब नेला, जवळ आणला.

"यो मानूस बुडतं का नाचतं रं?"

सर परत आले आणि त्यांनी माणसाचे हात बदलले. दुसऱ्या खेपेला आये म्हणाली, "आता बुडतं. पन याची बायको कुठं हाय? एकटाच कशाला पान्यात गेला?" तर एक बाई काढली, डोक्यावर भारा असलेली. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी आयेने पडदा खाली ठेवला आणि म्हणाली, "आता मी नाय जायची." सरांना यापेक्षा मोठी पदवी कुठल्याच विद्यापीठाने दिली नसती.

पण सचिवांना ते काळं-पांढरं चित्र पसंत पडेना. "रंगीत पडदा आहे ना? मग सिग्नलसारखं करा. जायचं तर मागे हिरवा, थांबायचं तर लाल." यात वाईट काय होतं? पण सर असे काही अडून बसले की मी बघतच राहिले. रंग उथळ असतो म्हणाले, उन्हात दिसत नाही म्हणाले, पाड्यावर सिग्नल कोणी पाहिलाय म्हणाले. महिनाभर टोलवलं. शेवटी प्राचार्यांनी सांगितलं, पागी, पत्र हवंय ना? मग रंग घाला. सरांनी मान खाली घालून रंग घातले. सिम्युलेटरवर मुलींनी पाहिलं, खऱ्या पडद्यावरही पाहिलं. हिरवा हिरवाच होता आणि लाल लालच.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी सरांच्या काँप्युटरवर बसले होते, कारण प्रिंटर त्यालाच जोडलेला आणि मला प्रवेशाच्या नोटिसा काढायच्या होत्या. पडद्यावर ती नेहमीची चौकट आली. काही लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत, सगळ्या घेऊ का? ती नेमकी माझ्या नोटिशीवर येऊन बसली होती. मी "सगळ्या घ्या" दाबलं. नऊ वर्षं ऐकत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. का दाबलं? चौकट आड येत होती म्हणून. दुसरं काही कारण मला आजही सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सर खांबाची उंची मोजून आले, प्रोग्रॅममध्ये तेवढा आकडा बदलला आणि पडद्यात नव्याने भरला. सुटी लागलेली, मुली घरी. पडदा हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, जरा बघता? डोळ्याला कसा वाटतो?" हे ते नेहमी कोणाला ना कोणाला विचारत. मी फोनवर होते, कोणा पालकाशी दाखल्यावरून हुज्जत चाललेली. मी मान वर न करता म्हणाले, "छान आहे, सर."

मेचा शेवट होता. पाड्यावर भाताच्या रोपांसाठी जमिनी भाजून, राब करून झालेले, ओढ्यात पाण्याची नुसती रेघ. अंगणवाडीच्या ओट्यावर सतरंजी, सचिव, प्राचार्य, समोर सगळा पाडा. आये नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. सचिवांच्या खिशात पत्र होतं, त्याचं टोक मला दिसत होतं. सरांनी पडद्यावरचं फडकं काढलं.

पडदा लाल होता. गडद लाल, आणि त्या लालावर कोरड्या पायांनी उभा माणूस.

सर गावाकडे तोंड करून, हसून म्हणाले, "हा बघा हिरवा. म्हणजे आज खुशाल जा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. सरांना वाटलं असावं, ऐकू गेलं नाही. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा हिरवा."

मला काय होतंय ते कळेना. आधी वाटलं सर थट्टा करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं. या माणसाला दिसत नाहीये! नऊ वर्षं मी ज्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला, त्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, आणि मला पत्ता नाही. मोजलेले रेझिस्टर, दोऱ्याच्या गाठी, ती हिरवी सही, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. शिस्त कसली आणि तोरा कसला! मी हबकून खाली बसले.

तेवढ्यात आये उठली. तिने पडद्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हिरवाच हाय त्यो! माझा पोर्‍या म्हनं तं हिरवाच."

सर गपकन थांबले. आपली बाजू घ्यायला आये उठली याचा अर्थ त्यांना आमच्या कोणाहीपेक्षा आधी कळला. ते ओट्यावरून उतरले आणि तिच्यापुढे उकिडवे बसले.

"आये, खरं सांग. कोणचा हाय?"

तिने पदर तोंडाला लावला. "लाल हाय रं, बाला."

सचिव उभे राहिले. "पागी, तुम्हाला रंग दिसत नाहीत?"

"लाल-हिरवा नाही दिसत, साहेब. लहानपणापासून."

"आणि तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स शिकवता?"

सरांनी फरशीवर थांबलेल्या पोराला फोन करून सेन्सरखाली पाण्याची बादली धरवली, म्हणजे पाणी चढल्यासारखं झालं. छातीपर्यंत बुडालेला माणूस आला आणि मागे लालाच्या जागी निळाशार रंग. "हा निळा मला दिसतो," सर म्हणाले. "म्हणजे प्रत्येक रंगाच्या आकड्याचे दोन्ही अर्धे उलटे पडलेत. लायब्ररी बदलली गेली आहे, तिने माझी सेटिंगची फाईल पुसली." उठून सांगायला एवढाच वेळ होता. सर म्हणाले, "माझ्याकडून बघायचं राहिलं," आणि मी बसून राहिले. सगळ्यांदेखत बसून राहिले. पत्राचं टोक सचिवांनी खिशात आत सारलं.

मागच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "रंगाचं काय लोणचं घालायचं? मानूस बुडालेला दिसतो ना, तं बस झालं." बाया हसल्या. सरांनी त्याच आठवड्यात रंग काढून टाकले, आणि तो काळा-पांढरा पडदा त्या ओट्यावर आजही चालू आहे. पावसाळ्यात बाया आधी पडदा बघतात, मग भारा उचलतात. सरांना मात्र संस्थेने काढलं नाही, की ठेवलंही नाही. जून आला आणि त्यांचं पत्र तेवढं आलं नाही. ज्या माणसाची चूक नव्हती त्याची भाकरी गेली, आणि जिची होती ती महिनाभर हजेरीपटावर सह्या करत राहिली. हे लिहिताना मला आजही माझी लाज वाटते.

ते नाशिकला निघाले आहेत असं कळलं, तेव्हा मी डेपोत गेले. एका हातात बॅग, दुसऱ्यात आयेने दिलेली नागलीच्या पिठाची पिशवी. मी काही प्रस्तावना केली नाही. "सर, ते बटण मी दाबलं होतं."

"माहीत आहे, मॅडम. लायब्ररी कधी बदलली त्याची तारीख दिसते, वेळही दिसते. तेव्हा नोटिसा छापल्या गेल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं बटण एका दिवसाचं," ते म्हणाले. "माझं लपवणं नऊ वर्षांचं. कोणत्या तोंडाने बोलू?" मग पिशवी खाली ठेवून हसले. "नाशिकला कारखान्यात पडद्यांचंच काम आहे. मुलाखतीला बसलो आणि पहिलंच वाक्य सांगून टाकलं, मला लाल-हिरवा दिसत नाही."

"मग? काय म्हणाले?"

"बरं, म्हणाले."

"बरं?"

"बरं. आणि पुढचा प्रश्न विचारला."

एवढंच? नऊ वर्षांचं भय, दोऱ्याच्या त्या शेकडो गाठी, आयेचं ते सगळ्या गावासमोरचं खोटं, आणि त्याला उत्तर काय तर बरं? सरही मान हलवत होते, त्यांचाही विश्वास बसलेला नव्हता.

गाडी लागली. ते खिडकीशी बसले आणि वाकून माझ्याकडे बघत राहिले.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या साडीचा रंग कोणता?"

नऊ वर्षांत या माणसाने मला कधी एक रंग विचारला नव्हता.

"हिरवा, सर."

"असं होय," ते म्हणाले. "मला ओल्या मातीसारखा दिसतो. चांगला दिसतो पण."

गाडी सुटली. मी डेपोच्या मधोमध पदर हातात धरून त्याच्याकडे बघत उभी होते, मागून दुसरी गाडी हॉर्न वाजवेपर्यंत.